एकशे एक्क्याऐंशी वेळा मागे

शून्यच होतं. कात्रीनं पान बंद करून पुन्हा उघडलं, तरी शून्य. कालचं शून्य, परवाचं शून्य, असं मागे मागे जात पाच दिवस. सकाळचे साडेनऊ वाजले होते, ऑफिसात पंखे नुकते फिरू लागले होते, अकराच्या बैठकीची तयारी कालच संपली होती आणि हातात चहा होता, म्हणून तिनं सहज स्वतःच्या पानावर किती लोक येऊन गेले ते पाहिलं होतं. तिचं पान म्हणजे तरी काय, रोज सकाळी आठ वाजता बाल्कनीतल्या थर्मामीटरवर दिसलेला आकडा आणि त्याच्यासमोर तारीख, बस्स. असलं पान बघायला कोण येणार? पण एक जण यायचं. तीन वर्षं रोज एक. दोन कधी नाही, शून्य कधी नाही, एकच. ते कुणीतरी माणूस असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. इतक्या नेमानं येतंय म्हणजे ती माणसाची जात नव्हेच, पानं धुंडाळत हिंडणारं एखादं यंत्र असणार, असं ठरवून ती मोकळी झाली होती. आता त्या यंत्रानं पाठ फिरवली तर हिचं काय बिघडलं होतं? काहीच नाही. तरी जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं, तसं काहीतरी झालं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

तिला कात्री हे नाव ऑफिसनं दिलं होतं आणि ती ते मिरवायची. लोकांच्या साइट्स सुटसुटीत करणं हा तिचा धंदा. एखाद्या कचेरीची साइट यायची, वरच्या पट्टीत चाळीस-चाळीस नावं दाटीवाटीनं उभी, प्रत्येक साहेबानं आपापलं एक घुसवलेलं, आणि माणसाला हवं असलेलं तेवढं कुठेच नाही, काखेत कळसा नि गावाला वळसा. कात्री खुर्ची ओढायची, बाह्या सारायची आणि छाटायला बसायची. चाळीसचे सहा. कुणी रडलं, कुणी ओरडलं, कुणी वरपर्यंत तक्रार नेली, तरी सहाचे सात व्हायचे नाहीत. आणि महिन्याभरानं तेच लोक येऊन म्हणायचे, बाई, आता बरं वाटतं. हे 'बरं वाटतं' तिला ठाऊक असायचं, आधीपासून. आपलं चुकत असेल अशी शंका तिला क्वचितच येई, आणि आली तरी उभ्याउभ्याच बोलून परत जाई. घरीही तसंच. तिच्या ओट्यावर चार डबे होते, कपाटात एका खणात मावतील एवढे कपडे, भिंतीवर काही नाही. नवरा म्हणायचा, "मी जरा जपूनच बसतो हं घरात. वापरात दिसलो नाही तर काढून टाकशील." ती हसायची, पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं हे दोघांनाही माहीत होतं.

तसंच तिनं कड्याचंही केलं होतं. कडं म्हणजे त्यांचं वेबरिंग, एकाच नादाच्या लोकांनी आपापली घरगुती पानं एकमेकांना जोडून केलेलं. इथला नाद म्हणजे रोज सकाळी आठला घरचं तापमान टिपायचं. एकोणीस माणसं, एकोणीस पानं, प्रत्येकाच्या तळाशी एक पट्टी. पट्टीतलं 'पुढे' दाबलं की पुढच्याच्या घरी, 'मागे' दाबलं की मागच्याच्या, आणि 'पुढे' दाबत राहिलं की एकोणिसाव्या खेपेला आपण आपल्याच दारात. कडं सुरू केलं होतं कात्रीनंच, पण वर्षं गेली तशी ज्यानं त्यानं पट्टीची पार गोधडी केली. मागचे पाच, पुढचे पाच, कुठेही न्या, सामील व्हा, आमच्याविषयी, आणि एकानं तर पारा वर-खाली करणारं हलतं चित्र चिकटवलं होतं. कात्रीनं सगळ्यांसाठी एकच पट्टी करायचं ठरवलं आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना एकत्र बोलावलं. पडद्यावर एकोणिसांपैकी अकरा चेहरे आले. ताई आली नव्हती. ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, कड्यात तिच्या लगेच पुढची. ती बैठकांना येत नसे. कात्रीनं वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांचे आकडे मांडले. 'पुढे' हजारोंनी दाबलं गेलं होतं. 'मागे' सगळ्या कड्यात मिळून एकशे एक्क्याऐंशी वेळा. "गोल आहे आपलं," ती म्हणाली, "पुढे जात राहिलं की मागचाही येतोच. मग 'मागे' हवं कशाला?" पट्टीत दोनच शब्द राहतील, 'पुढे' आणि 'यादी'. बहुतेकांनी माना हलवल्या. फक्त दिवेवाले काका, ज्यांचा जन्म दीपगृहात दिवा सांभाळण्यात गेला होता, ते म्हणाले, "राहू दे की पोरी. एवढासा शब्द, खातो किती जागा?" कात्री म्हणाली, "काका, प्रत्येक जण असंच म्हणतो आणि त्याचीच गोधडी होते." काका हसले. एक तारखेला नवी पट्टी लागली, आणि तिच्याकडे बघताना कात्रीला नखं कापल्यावर बोटांना वाटतं तसं हलकं वाटलं होतं.

अकराची बैठक पाणीपुरवठा कचेरीशी होती. तिकडून एक साहेब आणि चौकशीच्या टेबलावरच्या एक बाई आल्या होत्या. कात्री उभी राहिली आणि नेहमीसारखी बोलली, म्हणजे उत्तम बोलली. त्रेचाळीसचे सहा. साहेब खूश होते, कारण त्यांचं स्वतःचं छायाचित्र सहात राहिलं होतं, तेवढा व्यवहार कात्रीलाही कळत होता. मग टेबलावरच्या बाईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "ते 'टाकीची पातळी' गेलं का?" "गेलं," कात्री म्हणाली, "सहा महिन्यांत एकशे अठ्ठ्याहत्तर वेळा उघडलंय. एवढ्या मोठ्या शहरात." बाई म्हणाल्या, "हो, पण ते शहरानं नाही उघडलेलं. तो आमचा पंपवाला. रोज पहाटे पातळी बघतो आणि मग पंप लावतो. सुट्ट्या सोडल्या तर रोज. एकच माणूस आहे हो तो." खोलीत कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, अहो, त्याला फोनवर कळवता येईल. बाई म्हणाल्या, येईल की, पण तुम्ही कळवाल का रोज पहाटे? कात्रीनं एरवी याचं उत्तर दिलं असतं, उत्तर जिभेवर होतंही. पण आकडा तिच्या डोक्यात भलतीकडेच जाऊन बसला होता. जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस. ती रोजच्या नोंदी ठेवणारी बाई होती, नोंदी ठेवणाऱ्या माणसाची मुलगी होती. पहिल्या सहा महिन्यांचे दिवस किती हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एकशे एक्क्याऐंशी. "ठेवूया," ती म्हणाली. "टाकीची पातळी ठेवूया. सात होतील." साहेबांपेक्षा तिच्याच ऑफिसातले लोक जास्त चमकले.

टेबलाशी परत येऊन तिनं आपल्या पानाची कच्ची नोंद उघडली. येणाऱ्याची वेळ, तो कुठून आला, कशावर बोट ठेवून आला, हे सगळं त्या नोंदीत असतं, पण तिनं तीन वर्षांपूर्वी ते रकाने लपवून टाकले होते. पसारा नको म्हणून. 'पुढे' दाबत नुसते वाटेनं जाणारेही मोजणीतून वगळून फक्त एकूण आकडा ठेवला होता. आता रकाने उलगडले आणि ओळींमागून ओळी खाली सरकू लागल्या. आठ वाजून दहा. आठ वाजून नऊ. आठ वाजून दहा. आठ वाजून बारा, त्या दिवशी काही उशीर झाला असावा. कुठून, ताईच्या पानावरून. कशानं, 'मागे'. सगळ्या ओळी तशाच, एक हजाराच्या वर, थेट तीस तारखेपर्यंत. ताई आठला पारा बघायची, आठ-पाचला आपला आकडा चढवायची, आणि मग आपल्याच पट्टीतलं 'मागे' दाबून धाकटीच्या घरात डोकावून जायची. तीन वर्षं एका शब्दानं बोलली नव्हती आणि एक दिवस चुकली नव्हती. कात्रीनं तोंडावर हात ठेवला. शेजारच्या टेबलावरून कुणी विचारलं, काय गं, काय झालं, तेव्हा ती म्हणाली, काही नाही, नोंद बघतेय. आणि तिला रडू येत होतं, ऑफिसात, भर दुपारी, एका रकान्यावरून.

बाबांच्या वह्याही रकान्यांच्याच होत्या. तारीख, पारा, शेरा. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या, पाठीवर वर्ष घातलेलं, पलंगाखालच्या पेटीत. बाबा गेल्यावर घर रिकामं करायचं काम कात्रीनं अंगावर घेतलं, कारण तिच्याइतकं झटपट ते कुणाला जमलं नसतं. ताई तेव्हा नातवंडाच्या आजारपणात अडकलेली. कात्रीनं चार रविवार बसून सगळ्या वह्यांतले आकडे उतरवून घेतले, दिवसामागून दिवस, एकही न चुकवता. आणि वह्या रद्दीत दिल्या. आकडे घेतले की उरतो तो कागद. तिला तर आपण मोठं काम केलं असंच वाटत होतं. ताईला तिनं तो तक्ता अभिमानानं पाठवला होता. ताई दुसऱ्या दिवशी आली, चपला न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "शेरे कुठायत?" कात्री म्हणाली, "शेऱ्यांचं काय करायचंय? आज धुकं, आज दूधवाला उशिरा, असलं तर काहीतरी असायचं." ताई ओरडली नाही. ओरडली असती तर भांडण होऊन गेलं असतं. ती म्हणाली, "आकडे काय गं, हवामान खात्यातही मिळतात." आणि गेली. नंतर कात्रीनं एकदा फोन केला तो तिनं उचलला नाही, आणि मग कात्रीनंही केला नाही. आपण बरोबर होतो, असं तिनं ठरवून टाकलं आणि त्यावर कसलीही पट्टी ठेवली नाही, मागे जायची तर नाहीच. पण शेरे तिला आठवत होते. सगळे नाही. ती सात वर्षांची असताना तापानं फणफणली होती तेव्हाचा एक, जो ताई पुढे कितीतरी वर्षं चिडवायला मोठ्यानं वाचून दाखवायची. 'बाहेर एकोणीस, धाकटी एकशे दोन.' घराबाहेरचा पारा आणि पोरीच्या काखेतला पारा, एका ओळीत, बाबांच्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. त्या दिवशीचा एकोणीस तिच्या तक्त्यात होता. एकशे दोन नव्हता.

तीन वाजता पत्र आलं. कड्याच्या पत्त्यावर यायची ती पत्रं कात्रीच उघडायची, कारण कडं तीच सांभाळायची. 'माझं पान कड्यातून काढावं. कारण विशेष नाही.' खाली ताईचं नाव नव्हतं, फक्त पानाचा पत्ता, परक्याला लिहितात तसा. कड्याचा नियम कात्रीनंच केलेला होता आणि तो स्वच्छ होता. असं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत ते पान काढायचं, त्याच्या मागच्याचा हात पुढच्याच्या हातात द्यायचा, का आणि कशाला विचारायचं नाही. तिनं ताईचं पान उघडलं. हे ती रोज उघडायची, पण यादीतून, कुणाला कळू नये अशा बेतानं. ताईच्या पानावर शेऱ्याचा रकाना होता. बाबांसारखाच. 'उन्हं चढली नाहीत तोवर कबुतरं गप्प.' 'वाळत घातलेलं ओलंच.' एक तारखेचा शेरा होता, 'पट्टी बदललेली दिसते.' आणि त्यापुढचे चारही दिवस रकाना कोरा. कात्रीला आता सगळं लख्ख दिसलं. यादीतून नाव शोधून यायचं म्हणजे मुद्दाम आल्यासारखं, दार वाजवल्यासारखं. 'मागे' दाबून आलं तर आपण नुसतं फिरतोय, वाटेत तिचं घर लागलं, असं स्वतःला सांगता येतं. ताईला तेवढंच सोसवत होतं. आणि धाकटीनं, जिनं पट्टी केली हे सगळ्या कड्याला माहीत होतं, तिनं मोजून तीच वाट बुजवली. ताईनं याचा अर्थ दुसरा काय लावायचा? वह्या काढल्या, आता मला काढलं, असंच ना. फोन करावा असं वाटलं. पण 'हॅलो'नंतर काय म्हणायचं ते सुचेना, आणि पाण्याच्या साहेबांपासून दिवेवाल्या काकांपर्यंत सगळ्यांसमोर धडाधड बोलणारी ही बाई मोबाइलकडे बघत नुसती बसून राहिली.

मात्र ती बसून राहणाऱ्यातली नव्हती. पाचाला ती उठली, घरी गेली, तोंड धुतलं आणि टेबलाशी बसली. पट्टीत तिनं 'मागे' हा शब्द परत घातला. काम एका ओळीचं होतं. त्यानंतरचं पत्र लिहायला मात्र अर्धा तास लागला. अठरा जणांना तिनं लिहिलं की पट्टीतून 'मागे' काढण्यात माझी चूक झाली. आकडा लहान दिसला म्हणून मी तो फालतू धरला. तो एकाच माणसाचा रोजचा आकडा होता, आणि रोजच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. आजपासून पट्टीत 'मागे' आहे आणि मी कडं सांभाळते तोवर राहील. लिहून झाल्यावर तिनं त्यात काही छाटायचं आहे का ते पाहिलं आणि काहीच छाटलं नाही. काकांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. 'मी सांगितलं नव्हतं का, असं मी म्हणणार नाही. सांगितलं होतं, एवढंच.' नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "एकटीच काय हसतेस?" ती म्हणाली, "आज एक गोष्ट परत ठेवली मी." तो भांडं हातात घेऊन दारात आला आणि तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "मग आता मी निर्धास्त बसू ना?"

ताईचं पान काढायचं की नाही, हे उरलंच होतं. नियम तिचाच होता आणि आपला नियम आपणच मोडायचा हे तिला पटत नव्हतं. पण आठला अजून वेळ होता. सकाळी पावणेआठला ती बाल्कनीत गेली. बाबांचा थर्मामीटर तिथे खिळ्याला लटकत होता, लाकडी पाठीचा, वरचा कोपरा ताईनं लहानपणी दातांनी कुरतडलेला. घर रिकामं करताना तिनं तो आणला होता आणि भिंतीत आयता खिळा होता तिथे अडकवला होता, एका मिनिटात. ऊन स्वच्छ पडलं होतं. सात-पंचावन्नला तिनं आकडा टिपला, सत्तावीस, आणि पानात तीन वर्षांत पहिल्यांदाच एक रकाना वाढवला. वर लिहिलं, शेरा. खाली लिहिलं, 'बाबांचे शेरे मी उतरवून घेतले नाहीत आणि वह्या टाकल्या. चूक माझी. आठवतंय तेवढं लिहिते. बाहेर एकोणीस, धाकटी एकशे दोन. बाकीचं ताईला आठवत असेल.' हे एकोणीस घरांना दिसणार होतं. दिसू दे. आठ वाजले. ताईचं नाव तिनं काढलं नाही. पुढच्या पानावर आठ-पाचला ताईचा आकडा चढला, पंचवीस, शेरा कोरा. कात्रीनं कच्ची नोंद उघडून समोर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आठ-आठ. आठ-नऊ. नवऱ्यानं आंघोळीच्या पाण्याचं काही विचारलं ते तिला ऐकूच आलं नाही. आठ-दहाला एक ओळ खाली उतरली. ताईच्या पानावरून. 'मागे'.

आठ-बाराला फोन वाजला.

"एकशे तीन होता," ताई म्हणाली. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "एकशे दोन नव्हे. वही मी धरली होती आणि बाबा लिहीत होते. एकशे दोन दुसऱ्या दिवशी."

"बरं," कात्री म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तीन करते."

"आणि दुसऱ्या दिवशीचा शेराही आठवतो मला. सांगेन. बरेच आठवतात." मग पलीकडे कपबशीचा आवाज झाला. "माझं नाव काढलंस का?"

"नाही. आठ वाजून गेले. नियम मोडला."

"मोडलास ते बरं केलंस." पुन्हा कपबशी. "अजून एक सांगायचंय. तीन वर्षं झाली सांगीन सांगीन म्हणतेय. तुझा थर्मामीटर उन्हात आहे."

"काय?"

"उन्हात आहे गं तो. ढग असले की तुझा आकडा माझ्याइतकाच असतो, आणि ऊन पडलं की दोन अंश वर. एकाच शहरात राहतो आपण. रोज बघते मी. बाबा काय सांगायचे? सावलीत, छातीच्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर लांब. तू आयता खिळा बघून टांगला असशील."

कात्रीनं बाल्कनीकडे पाहिलं. उन्हाचा पट्टा थर्मामीटरवर सरळ आडवा पडला होता, रोज या वेळी पडत असेल तसाच, आणि पारा अठ्ठावीसला पोचला होता. म्हणजे गेल्या तीन वर्षांतले तिचे सगळे स्वच्छ, शेरे नसलेले, एकही दिवस न चुकवलेले आकडे चुकीचे होते. निदान उन्हाचे दिवस तरी. ती हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि पलीकडे ताईही नाक ओढत होती हे स्पष्ट ऐकू येत होतं.

"ताई, दुसरीकडे खिळा नाहीये."

"मग ठोक," ताई म्हणाली. "जा. मी फोन धरून बसते."